दुर्बिणीच्या अकरा चुका

शहर बससेवेच्या वेळापत्रक विभागात चार बायका चार कॉम्प्युटरांसमोर बसून दिवसभर आकडे तपासत, आणि त्यांच्यातल्या सगळ्यांत जुन्या तपासनीस बाईंना सगळे दुर्बीण म्हणत. हे नाव काही कुणी चिडवायला ठेवलेलं नव्हतं. चाळीस मार्ग, दोनशे बारा पानं आणि पानागणिक बसच्या शेकडो वेळा, त्यात कुठे सहाच्या जागी नऊ पडला असेल तर तो तिला खोलीत शिरतानाच दिसतो, अशी तिची ख्याती होती. कथा-कादंबऱ्या तपासणाऱ्याला निदान वाक्याचा आधार असतो, अर्थ अडखळला की चूक कळते. आकडे मात्र चुकले तरी ताठ मानेने रांगेत उभे असतात. असल्या निगरगट्ट मंडळींत या बाईने बावीस वर्षं काढली होती, तेव्हा तिचा तोरा थोडा जास्त असला तर तो तिला शोभून दिसत होता.

तर या दुर्बिणीच्या नजरेतून गेल्या खेपेला अकरा चुका सुटल्या. एक नाही, दोन नाही, अकरा. त्यांतली सात नंबरच्या मार्गावरची तर भलतीच गाजली. १७:०५ च्या जागी १७:५० छापलं गेलं. बस बिचारी आपल्या वेळेवर रिकाम्या थांब्यावर येई आणि रिकामीच निघून जाई, आणि पाऊण तासाने तिथे जमलेली माणसं पुढच्या गाडीच्या ड्रायव्हरचा उद्धार करत. दुर्बिणीचा नवराही याच बससेवेत ड्रायव्हर होता, अठरा नंबरच्या मार्गावर. त्यामुळे ऑफिसात खाल्लेली बोलणी तिला संध्याकाळी घरी पुन्हा एकदा, ड्रायव्हरांच्या खास शब्दांत ऐकायला मिळत.

गुरुवारी विभागप्रमुखांनी तिला बोलावून घेतलं. साहेब माणूस वाईट नव्हता, पण वरून आलेला ओरडा जसाच्या तसा खाली पोचवण्याची त्याला सवय होती. यापुढे छपाईआधी चाळीस मार्गांचे चाळीस ड्रायव्हर एकत्र बसून आपापली पानं वाचतील, असं नवं फर्मान निघालं होतं. वाचन पुढच्या शनिवारी, म्हणजे हातात नऊ दिवस.

"आणि ड्रायव्हरांना एक जरी चूक सापडली," साहेब म्हणाले, "तर तपासणीचं काम बाहेरच्या कंपनीला जाणार, आणि तुम्ही हरवलेल्या वस्तूंच्या विभागात."

हरवलेल्या वस्तूंचा विभाग तळघरात होता. तिथे छत्र्या, डबे आणि जोडीदार नसलेले बूट यांच्याशिवाय बोलायलाही कुणी नव्हतं. बावीस वर्षं जे काम आपण जीव ओतून केलं ते असं छत्र्यांपाशी येऊन संपणार, हा विचार तिला सहन होईना. ती जागेवर येऊन बसली आणि तिने ठरवलं, आता डोळ्यांत तेल घालून वाचायचं.

इथेच बाई चुकली. शुक्रवार आणि शनिवार ती स्क्रीनवर अशी नजर रोवून बसली की डबा खायचंही भान राहिलं नाही. दुपारनंतर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं, भुवयांच्या वर ठणका सुरू झाला, आणि तीनचा आठ कधी होतो आणि आठाचा तीन कधी, याचा भरवसा राहिला नाही. शनिवारी संध्याकाळी थांब्यावर उभी असताना समोरून येणाऱ्या बसचा नंबर तिला दिसेना. गाडी अगदी पुढ्यात येऊन थांबली तरी कपाळावरचा आकडा पुसट. शेवटी तिने शेजारच्या शाळकरी पोरीला नंबर विचारला, आणि विचारताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे सगळं तिने घरीदारी कुणाला सांगितलं नाही. तपासनिसाचे डोळे गेले असं एकदा पसरलं की तळघर काही दूर नाही, हे ती ओळखून होती.

पण घरात नणंद असताना गोष्ट लपते थोडीच. नवऱ्याची धाकटी बहीण चष्म्यांच्या दुकानात नंबर तपासायचं काम करत होती. माणूस भेटलं की आधी त्याच्या डोळ्यांत बघायचं आणि मग ख्यालीखुशाली विचारायची, असा तिचा खाक्या. रविवारी ती आली, दारातच थबकली आणि वहिनीचे लालबुंद डोळे बघून म्हणाली, "वहिनी, हे कधीपासून?" दुर्बिणीने कांद्यावर घालून पाहिलं, झोपेवर घालून पाहिलं. नणंदेने दोन्ही ऐकून घेतलं आणि सोमवारी सकाळी तिला हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

दुर्बीण तपासणीच्या खुर्चीत बसली तेव्हा तिची पाचावर धारण बसली होती. आता मोतीबिंदू निघतो की त्याहून वाईट काही, याच काळजीने तिला समोरच्या तक्त्यावरची अक्षरं आणखीच धूसर दिसत होती. डॉक्टरीणबाईंनी एकेक डोळा सावकाश तपासला, आतून पाहिला, दाब मोजला. मग त्या म्हणाल्या की रोग कसलाही नाही. डोळे कोरडे पडलेत आणि दमलेत. दिवसभर जवळ बघून बघून आतला स्नायू आखडून बसतो, मग लांब बघायची वेळ आली की तो लवकर सैल होत नाही, म्हणून लांबचं पुसट दिसतं. त्यांनी कोरडेपणासाठी थेंब लिहून दिले आणि तिच्या चष्म्याकडे बोट केलं. तो होता हातात पुस्तक धरून वाचायच्या अंतराचा. स्क्रीन असते त्याहून लांब, म्हणून बाई दिवसभर मान पुढे काढून वाचत होत्या.

दुर्बिणीचा जीव भांड्यात पडला. बाहेर आल्यावर तिने नणंदेला भर रस्त्यात मिठी मारली, आणि लगेच घड्याळ बघून हबकली, कारण पाच दिवस उरले होते आणि अर्धा सोमवार संपला होता. नणंद म्हणाली की आज दुकानातून सुट्टी घेतलीच आहे, तर तुझी बसायची जागा बघूनच जाते. ही एकदा म्हणाली म्हणजे केल्याशिवाय राहायची नाही, हे ठाऊक असल्यामुळे दुर्बिणीने वाद घातला नाही.

ऑफिसात नणंद पर्समधून शिंप्याची टेप काढूनच आली. डोळ्यापासून स्क्रीनपर्यंत अंतर मोजलं. स्क्रीनखाली कधीकाळच्या कुणा उंच कर्मचाऱ्याने जाडजूड नियमावल्यांचे दोन खंड सरकवून ठेवले होते, ते कुणी काढलेच नव्हते. त्यामुळे दुर्बीण वर्षानुवर्षं वर बघून वाचत होती. मग नणंद शेजारी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, तू वाच, मी नुसती बघते. एक मिनिट झालं तशी तिने मनगटावरच्या घड्याळावरून नजर उचलली.

"चार वेळा," ती म्हणाली. "अख्ख्या मिनिटात चार वेळा पापणी मिटलीस. माणूस गप्पा मारताना पंधरा वेळा मिटतो. वहिनी, डोळे ओले कसे राहणार?"

बाकीच्या तिघीजणी खुर्च्या वळवून ऐकत होत्या. त्यांनी तिथल्या तिथे एकमेकींच्या पापण्या मोजल्या. एकीच्या सहा निघाल्या, एकीच्या पाच, आणि तिसरीला हसू आवरेना म्हणून तिची मोजणी रद्द करावी लागली. तेवढ्यात नणंदेने सहज विचारलं की त्या अकरा चुका पानावर कुठे कुठे होत्या, हे कुणी बघितलं का.

दुर्बीण आधी चिडली. चुकांबद्दल तिला विचारणारी ही कोण? मग तिला उमगलं, हे तिनेच स्वतःच्या डोक्याने विचारायला हवं होतं. बावीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, स्वतःच्या चुकांना मात्र नुसती रडत बसली. तिने एक कोरं पान घेतलं आणि गेल्या वेळापत्रकातली प्रत्येक चूक पानावर जिथे होती तिथे लाल टिंब काढायला सुरुवात केली. पहिलं टिंब उजवीकडे, दुसरं उजवीकडे, तिसरंही उजवीकडे. नवव्या टिंबाला ती उभीच राहिली. नऊच्या नऊ टिंबं पानाच्या उजव्या कडेला दाटली होती. उरलेली दोन अगदी वरच्या ओळीत होती, जिथे बघायला तिला डोळे टक्क उघडे ठेवावे लागत.

प्रत्येक पान वाचून झालं की तपासनिसाने वहीत वेळ टाकून सही करायची, असा या विभागाचा जुना नियम. दुर्बिणीने वही ओढली. बोट एकेका नोंदीवरून फिरू लागलं तशा तिघीजणी तिच्या खांद्यांवरून वाकल्या. उजवीकडच्या नऊ चुकांची नऊही पानं दुपारी तीन ते पाच या वेळेत वाचलेली होती. सकाळचं एकही नव्हतं.

"तीनला काय होतं इथे?" नणंदेने विचारलं.

घड्याळात अडीच वाजले होते. पाचही बायका कामधाम सोडून, हाताची घडी घालून, त्या स्क्रीनकडे बघत उभ्या राहिल्या. साहेब एकदा दारात येऊन काय चाललंय म्हणून विचारून गेले. तीनला पाच कमी असताना स्क्रीनच्या उजव्या कडेला एक फिकट पट्टा उमटला. तो हळूहळू रुंद होत गेला आणि तीन वाजून दहा मिनिटांनी उजवीकडचे दोन रकाने दुधाने पुसून काढल्यासारखे झाले. दुर्बीण गर्रकन वळली. समोरच्या इमारतीला गेल्या वर्षी काचेची नवी भिंत बसली होती, आणि उतरतीला लागलेलं ऊन तिच्यावर आपटून सरळ या खिडकीतून आत येत होतं. रोज थोडं थोडं येत असल्यामुळे डोळे बारीक करून वाचायची सवय होऊन गेली होती, आणि सवयीच्या गोष्टीकडे माणूस कुठे बघतो.

त्यानंतर अर्धा तास त्या खोलीत जो गोंधळ झाला तो काय सांगावा. चारही टेबलं सरकली. खिडकी पाठीशीही नको आणि समोरही नको, कडेला हवी, असं नणंदेचं म्हणणं. पडदे लागले. नियमावल्यांचे खंड निघाले आणि स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या किंचित खाली आली. डोळ्यांवर थेट येणारा एसीचा गार वारा पुठ्ठा लावून छताकडे वळवला. अक्षरं मोठी झाली, स्क्रीनचा झगझगाट खोलीच्या उजेडाइतका उतरला. नणंद दुकानात फोन करून मोकळी झाली होती, त्यामुळे हातभर अंतराचा नवा चष्मा बुधवारी हातात पडणार होता. वर तिने शेवटची अट घातली, दर वीस मिनिटांनी कामातून नजर काढायची आणि वीस फुटांच्या पलीकडे वीस सेकंद बघायचं, पापण्या मिटत मिटत. ही सगळ्यांत सोपी गोष्ट तेवढी कुणी करत नाही, असं बजावून ती गेली.

मंगळवारपासून कामाला नुसता ऊत आला. दर वीस मिनिटांनी मोबाइल किणकिणला की चौघी उठत आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहत. लांबचं बघायचं तर खिडकीतून लांब होता तो बसडेपो. तिथून गाड्या सुटत. आता दुर्बिणीला लांब बघ म्हटलं तर ती काय आभाळ बघत बसणार? पहिल्याच खेपेला तिच्या तोंडून निघालं की बारा नंबर दोन मिनिटं उशिरा निघाली. मग चौघींना तो नादच लागला. वीस सेकंद विसाव्याची, पण त्यात कुठली गाडी वेळेवर निघाली आणि कुठली रेंगाळली याचा निकाल लागे.

बुधवारी संध्याकाळी नवरा घरी आला तो कपाळाला आठ्या घालूनच. डेपोत खळबळ उडाली होती. साहेबांनी वरच्या खिडकीत चार बायका पहाऱ्याला बसवल्या आहेत, दर वीस मिनिटांनी येतात, घड्याळ बघतात आणि टिपून ठेवतात, अशी बातमी पसरली होती. चहाचे पेले अर्धे टाकून ड्रायव्हर गाड्या काढत होते. सगळा डेपो वेळेवर चालायला लागला होता आणि त्यामुळे सगळा डेपो संतापला होता. दुर्बीण हसून हसून खुर्चीत कोसळली. नवरा मात्र हसला नाही. त्याने सांगितलं की पोरांनी शनिवारसाठी नवे लाल पेन आणून ठेवलेत, एक तरी चूक काढून दाखवतोच म्हणतात. तेव्हा तिचं हसू थांबलं.

पण आता भीतीही वेगळीच होती, अंगात उत्साह भरणारी. गुरुवारी दुपारी चार वाजता, जेव्हा एरवी तिला आकड्यांची शेपटं दिसेनाशी होत, तेव्हा तिने पाठोपाठ तीन चुका पकडल्या, त्याही उजव्या रकान्यातल्या. डोळे जळत नव्हते. संध्याकाळी थांब्यावर तिने वळणावरूनच बसचा नंबर वाचला आणि आनंदाने शेजारच्या अनोळखी आजोबांना तो मोठ्याने सांगितला. शुक्रवारी साडेपाचला दोनशे बारावं पान संपलं तेव्हा चौघींनी मिळून एकशे सत्तेचाळीस चुका काढल्या होत्या.

शनिवारी डेपोच्या विश्रांतीच्या दालनात चाळीस ड्रायव्हर लांबच लांब बाकांवर बसले. प्रत्येकापुढे आपापल्या मार्गाची पानं. साहेब एका टोकाला टेबल मांडून बसले होते. त्यांच्यापुढे तक्ता, चूक कोणती, पान कितवं, कोणाला सापडली. दुर्बीण त्यांच्या शेजारी उभी होती. बसवेना म्हणूनच उभी होती. कागदांची सळसळ, खोकणं, पेनांची टोपणं उघडल्याचे आवाज. सात नंबरवाल्याने तर बोट ठेवून प्रत्येक आकडा दोनदा वाचला आणि शेवटी हिरमुसून पानं आणून दिली, बरोबर आहे म्हणाला. मग बारा नंबर, तीस नंबर, चार नंबर. दहा झाले, वीस झाले. पस्तिसाव्यापर्यंत ड्रायव्हरच उत्सुक झाले होते, प्रत्येक निर्दोष मार्गाला बाकांवरून दाद यायला लागली.

एकोणचाळीस झाले. उरला अठरा नंबर, म्हणजे तिचा नवरा. तो अगदी पलीकडच्या भिंतीशी बसला होता, पन्नासेक फुटांवर. त्याने पानं गोळा केली, उठला आणि तिथूनच म्हणाला, "बरोबर आहे, साहेब."

दालनात टाळ्या सुरू झाल्या. साहेब हसून सहीसाठी वाकले. आणि दुर्बिणीला नवऱ्याचा चेहरा दिसला, स्वच्छ, अगदी डाव्या भुवईवरच्या घामापर्यंत. तो तिच्याकडे बघत नव्हता. बोलणं संपवून तो छताकडे बघत होता आणि कानाची पाळी चोळत होता. वीस वर्षांच्या संसारात हा माणूस असा दोनदाच कानाची पाळी चोळताना तिने पाहिला होता, आणि दोन्ही वेळा तो खोटं बोलत होता.

तिला गप्प बसता आलं असतं. खरं सांगायचं तर एक क्षण तिला गप्प बसायचंच होतं. सही झाली की नोकरी राहिली. पण मग कुठल्या तरी थांब्यावर कुणी तरी उभं राहील आणि बस निघून गेलेली असेल, हे तिच्या डोळ्यांपुढे आलं आणि तिचा हात साहेबांच्या पेनावर गेला.

"थांबा," ती म्हणाली. "अठरा नंबर, पानं इकडे आणा."

टाळ्या थांबल्या. नवरा बाकांमधून चालत आला तो गुन्हेगारासारखा. त्याने पानं खाली ठेवली नाहीत, हातातच घट्ट धरून हळूच म्हणाला, "अगं, सोड ना." तिने ती काढून घेतली. तिसऱ्या पानावर, अगदी मधोमध, परतीची फेरी १९:५३. असायला हवी होती १९:३५.

तिने वर बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात कबुली दिली. या पानावर तिचे डोळे चुकले नव्हते, कारण तिने ते वाचलंच नव्हतं. बाकीच्या प्रत्येक पानाला बारा मिनिटं लागल्याची वहीत नोंद होती, अठरा नंबरच्या पानांना प्रत्येकी चार. हा मार्ग तिला तोंडपाठ. नवरा किती वाजता निघतो, कधी कुठे असतो, कधी घरी येतो, हे तिला झोपेतही सांगता येतं, म्हणून तिने पानाकडे नजर टाकली आणि पाठ म्हटलं. दुसऱ्यांदा तपासणारीही म्हणाली की अठरा तर तुमच्याच घरचा, आणि पुढे गेली.

तळघरातल्या छत्र्या दुर्बिणीच्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या, आणि तरीही तिला आतून हलकं वाटत होतं. पन्नास फुटांवरून तिला दिसलं होतं. डोळे तिचेच होते आणि चांगले होते.

साहेबांनी तक्ता पुढे ओढला. पान लिहिलं, चूक लिहिली. मग पेन तिसऱ्या रकान्यावर थांबलं.

"ही कोणाला सापडली म्हणून लिहू?" त्यांनी विचारलं. "अठरा नंबरला?"

नवरा म्हणाला, "मला कुठे सापडली, साहेब? मी तर बरोबर आहे म्हणून उठलो होतो. या एकोणचाळीस जणांनी ऐकलंय."

सात नंबरवाला पहिला हसला. मग अख्खं दालन हसायला लागलं आणि बाकांवर थापा पडायला लागल्या. साहेबांनी ओठ आवळून हसू दाबलं, रकान्यात तपासनीस असं लिहिलं, आणि खाली, ड्रायव्हरांना सापडलेल्या एकूण चुका या ओळीपुढे, मोठं गोल शून्य काढलं. दुर्बिणीने एका ड्रायव्हरच्या हातातलं लाल पेन घेतलं आणि उभ्या उभ्या त्रेपन्नाचे पस्तीस केले.